‘$?’ची ओळ मी काढणार नाही

मंडळी, घोटावड्याच्या आपल्या कारखान्यातल्या युनिक्स मशीनवर ज्यांचं ज्यांचं लॉगिन आहे, त्या सगळ्यांना हा मेल पाठवतेय. साहेबांनाही.

आज दुपारी स्टोअरच्या हिशेबाची टेपवर कॉपी काढायची माझी स्क्रिप्ट मध्येच थांबली. आपण ज्यात कमांड टाइप करतो त्या शेलमध्ये ती संपली की तिचा निकाल ‘$?’मध्ये येतो. शून्य आला तर काम झालं, दुसरा कुठलाही आकडा आला तर फसलं. माझ्या स्क्रिप्टमधली एक ओळ तेवढंच तपासते. आज शून्य आला नाही. टेप खराब निघाली आणि पडद्यावर आलं, ‘कॉपी झाली नाही’.

साहेब म्हणाले, “उद्या हेड ऑफिसची माणसं येतायत. ती तपासणी काढ. काहीही झालं तरी ‘कॉपी झाली’ असंच दिसू दे.”

“साहेब, टेपवर काहीच नाही.”

“ते काय टेप उघडून बघणार आहेत?”

मी नाही म्हटलं.

“मग उद्यापासून टायपिंगला बस.”

स्टोअरचे तात्या दारातच उभे होते. ते म्हणाले, “सायेब, खोटं बोलाया मानसं लई हायेत की हितं. मशिनीला कशाला शिकिवताय?”

साहेब निघून गेले. हुकूम मात्र मागे घेतला नाही.

ठीक आहे, उद्या टायपिंगला बसेन. पण ती ओळ मी काढलेली नाही. माझ्या खुर्चीवर आता तुमच्यापैकीच कुणीतरी येईल. तुम्ही काढाल?

उत्तर मला एकटीला नको, सगळ्यांना पाठवा.

— सुनंदा, संगणक विभाग