‘येतो’ म्हणाली नाही

घरामागच्या वाडीत आम्ही पालक, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावतो. दुपारी ओसरीत बसून मी भाजीच्या जुड्या बांधते. शेजारच्या घरची सून मदतीला यायची. मला कोणाशी बोलायला जमत नाही, लहानपणापासून तसंच आहे. ती मात्र दोघींच्या वाटचं बोलायची.

"बाई, तुमच्यापरीस हा सांबार जास्त बोलते," म्हणायची आणि स्वतःच हसायची.

दोनदा तिला दिवस राहिले आणि दोनदा पोट पडलं. दुसऱ्या वेळेनंतर तिचं हसणं कमी झालं. गल्लीत एकीचं डोहाळजेवण होतं, तेव्हा सासूने तिला घरातच बसवलं. "तुयी सावली नको पडाले तिच्यावर," हे मी भिंतीच्या अलीकडून ऐकलं. त्यानंतरही ती यायची, पण जुड्या सैल बांधायची. मी त्या पुन्हा बांधायचे.

मग ती एकेक वस्तू आणून द्यायला लागली. आधी नव्या चपला. "मले चावतात." नंतर तुळशीची कुंडी. "तुमच्याकडंच राहू द्या. तुमी पाणी घालसान." चपला तिला चावत नव्हत्या, मी तिचं चालणं रोज बघत होते. पण विचारावं कसं ते सुचेना.

एका दुपारी ती काम अर्धं टाकून उठली. रोज निघताना "येतो बाई" म्हणायची. त्या दिवशी म्हणाली, "जातो बाई."

असं कोणी म्हणत नाही. परगावी निघालेला माणूससुद्धा येतो म्हणतो. चुकून कोणाच्या तोंडून निघालंच तर ऐकणारा टोकतो. मी टोकायच्या आत ती फाटकाबाहेर गेली होती.

मी मेथी तशीच टाकून तिच्यामागे गेले. त्या घरात मी कधी एकटी गेले नव्हते. सासू बाजारात, नवरा कामावर. दार नुसतं लोटलेलं. आत सगळं परगावी निघाल्यासारखं आवरलेलं होतं. ती ओट्याखाली भिंतीला टेकून बसली होती.

"काऊन आल्या बाई?"

मी तिच्याजवळ बसले आणि नवऱ्यालाही कधी न सांगितलेलं तिला सांगितलं. माझी पहिली मुलगी मेलेलीच जन्मली. त्यानंतर एकदा मी विहिरीवर गेले होते, पण पाण्याला नाही. काठावर पुष्कळ वेळ बसले. कोणी हाक मारली नाही. शेवटी भीती वाटली म्हणून परत आले.

"तुमी?" ती म्हणाली. "तुमी त कोणाले काईच बोलत नाई."

"म्हणून त कोणाले समजलं नाई." मग मी सरळ विचारलं, "तुया मनात मरायचं हाय का?"

मग तिने पिठाच्या डब्यामागे हात घातला आणि तिथे लपवलेलं काढून माझ्या ओंजळीत ठेवलं. ते काय होतं ते मी लिहिणार नाही. मी ते पदराखाली घेतलं.

"सासूले सांगू नका."

"नाई सांगत. पण तुया आईले सांगतो. आन उद्या माह्यासंग सावंगीले चाल, डॉक्टरीणबाईकडं."

"लोक हासतीन."

"हासू दे. मी आहो ना."

मी तिच्या आईला फोन लावला आणि ती सिंदी मेघेहून येईपर्यंत तिथून हलले नाही. आधी सासू आली. पिशवी खाली न ठेवताच म्हणाली, "हे मुकी बाई इथं काय करून राह्यली?"

"बोलून राह्यली," मी म्हटलं.

आता तिला सावंगीच्या डॉक्टरीणबाईच्या गोळ्या सुरू आहेत. आई तिला माहेरी न्यायला तयार होती, सासूने पाठवलं नाही, नवरा गप्प बसला. आमच्याकडे यायला तिला मनाई आहे आणि दुपारी त्यांचं दार बंद असतं. मी जुड्या घेऊन भिंतीला लागून बसते आणि मोठ्याने बोलते. मेथीला कीड लागली, मांजराने दूध सांडलं, जे सुचेल ते. गल्ली ऐकते. पलीकडून ती "हूं" म्हणते.

आज तिचं "हूं" फार उशिरा आलं. तोवर मी फाटकापर्यंत पोचले होते.