खालांची लाल टोपणाची सिरिंज

तुमच्या घरात कुणी इन्सुलिन घेत असेल, तर त्यांच्या सिरिंजचं टोपण कोणत्या रंगाचं आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे का? मला नव्हतं.

शाकेरा खाला लातुरात आम्हा क्लासच्या मुलींना भाड्यानं खोल्या देत. रोज सकाळी त्या इन्सुलिनची दुधी बाटली शेवई वळावी तशी तळव्यांत हलकेच फिरवत. मग लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये विसाच्या रेघेपर्यंत औषध ओढत.

भूकंपात त्यांची धाकटी बहीण गेली होती. तेव्हापासून जड ट्रक गेला तरी "जमीन हलून राहिली" म्हणत त्या अंगणात येऊन बसत. आम्ही त्यांचा हात धरायचो. थोड्या वेळानं त्याच हसायच्या. "जा, अभ्यास करा. डॉक्टर काय मी होणार हाय?"

मी तेव्हा आरोग्य हक्कांची पत्रकं वाचून पेटलेली. चांगलं औषध गरिबाला का नाही, म्हणून दवाखान्यात भांडून मी त्यांना नवं इन्सुलिन मिळवून दिलं. खालांनी बाटली उजेडात धरली. "हे तर पाणीच हाय गं. फिरवू काय?"

फिरवायचं नाही, हे नव्या घडणीचं आहे, दिवसभर सावकाश काम करतं, असं मी ऐटीत समजावलं. चिठ्ठीवर वीस युनिट लिहिलं होतं. खालांनी जुन्याच सिरिंजनं विसाच्या रेघेपर्यंत घेतलं. मी शेजारी उभी होते.

लाल टोपणाची ती सिरिंज मिलीलिटरला चाळीस युनिटच्या औषधाची, नवी बाटली शंभरची. विसाऐवजी पन्नास युनिट अंगात गेलं. सिरिंज कोणती, हे कुणी सांगितलं नाही. क्लासात रोज एककांची गणितं सोडवणाऱ्या मीही बाटलीवरचा आकडा वाचला नाही.

त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. दुपारी घामानं भिजून, थरथरत त्या म्हणाल्या, "जमीन हलून राहिली, बेटा."

रस्त्यावर ट्रक नव्हता. तरी आम्ही नेहमीसारखं त्यांना अंगणात बसवलं, हात धरला, काही नाही म्हणून समजूत घातली. साखरेचा डबा दहा पावलांवर होता. हातातला हात सैल पडला, तेव्हा कुठे आम्ही रिक्षासाठी धावलो. खाला पुन्हा शुद्धीवर आल्या नाहीत.

आता उठा. घरातली बाटली आणि सिरिंज शेजारी ठेवा, दोन्हींवरचे आकडे वाचा. जुळत नसतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुई टोचू देऊ नका. आणि इन्सुलिन घेणारं आपलं माणूस घामाघूम होऊन जमीन हलते म्हणालं, तर ते शुद्धीत असतानाच तोंडात साखर घाला. हात नंतर धरा.