मिश्री सोडलेली आत्या

आत्याचं महत्त्वाचं बोलणं हनुवटी वर करूनच व्हायचं, कारण तोंडात मिश्री असे. ती काळी पूड दातांना लावून, ओघळ येऊ नये म्हणून आभाळाकडे बघत ती जे बोले, त्यात शब्दांपेक्षा हुंकारच जास्त. कासुर्डीच्या तिच्या ओट्यावर रोज सकाळी चार बायका अशाच माना वर करून बसत. परक्याला वाटावं, विमान शोधताहेत. त्यांना मात्र एकमेकींचं सगळं कळे. कोणाची सून रुसली, शेवंतीला काय भाव मिळाला, सगळं. मध्येच आत्या अंगणात पिचकारी टाके आणि एक वाक्य स्पष्ट बोले. ते बहुधा कोणाच्या तरी वर्मी लागणारं असे.

मामा, म्हणजे तिचा नवरा, गेल्यावर शेवंतीचं रान तिनं एकटीनं सांभाळलं. मुलगा बाळू कारेगावला कंपनीत. तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच्या घरी ये म्हणून तो मागे लागला होता. आत्या म्हणे, "वर न्हेशील रं. खाली कवा आणणार? चौघांच्या खांद्यावर?"

मग फुलांची पाटी घेऊन सोलापूर रस्ता ओलांडताना एका मोटरसायकलनं तिला उडवलं. नडगीचे दोन तुकडे झाले. दौंडला ऑपरेशन करून हाडाला स्टीलची पट्टी बसवली, जखम भरली, पण हाड जुळेना. महिने गेले तरी एक्स-रेत फट तशीच. पाय टेकला की कळ मस्तकात जाई. वॉकर धरून ती चुलीपर्यंत जायची, तेवढंच. बाळूनं तिच्यासाठीच्या खोलीला पडदे लावून घेतले. पाय टेकता आला नाही तर तिसरा मजला ठरलेला, हे आत्याला न सांगता कळलं होतं.

मी शिरूरला राहतो. चौफुला-न्हावरामार्गे तिला घरी आणलं आणि एका हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर हुशार होते. स्वतःचा आवाज त्यांना जरा जास्त आवडे. जुनी पट्टी काढून रॉड घालायचा, कमरेचं थोडं हाड काढून फटीत भरायचं, असं त्यांनी सभेत सांगावं तसं सांगितलं. मग विचारलं, "तंबाखू?"

"न्हाई."

"विडी? गुटखा?"

"आवो, बाईमाणसाला काय इचारताय!"

शेजारी बसून मलाही त्यात काही खोटं वाटलं नाही. आमच्याकडे मिश्री तंबाखूत धरत नाहीत, मंजनात धरतात.

ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टर लवकर आले. आत्या खाटेवर हनुवटी वर करून बसलेली.

"तुम्ही तंबाखू खात नाही म्हणालात ना?"

आत्यानं बेसिनमध्ये थुंकून घेतलं. "खात न्हाई. दात घासते."

"किती वेळा घासता?"

"सकाळी, दुपारच्याला, निजताना. आन् मधी कवा जीव घाबरला तर."

डॉक्टरांनी ऑपरेशन रद्द केलं. या पुडीनं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, हाडाला रक्त पोचत नाही, नवं हाड घातलं तरी ते उपाशीच राहील, असं ते बराच वेळ बोलले. आत्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"सोडली तर माज्या पायानं घरी जाईन?"

"शक्यता चांगली आहे."

"आन् न्हाई सोडली तर?"

डॉक्टरांचं हे उत्तर सगळ्यात छोटं होतं. "तर नाही."

आत्यानं डबी उशाखालून काढून नर्सच्या हातात दिली.

सुरुवातीला ती आमच्या घरात सगळ्यांना शिव्या घाले. मला, बायकोला, चहाला. मग शिव्या थांबल्या. आम्हाला हायसं वाटलं. ऑपरेशन झालं आणि काही महिन्यांनी एक्स-रेत फटीच्या जागी धुरासारखं पांढुरकं काही दिसू लागलं. डॉक्टर नडगीवर दाबून विचारत, "दुखतंय?" ती म्हणे, "न्हाई." ते खूश होत. घरी बायको विचारी, "मटण जमलंय का?" ती म्हणे, "हं." शेजारणीची सून माहेरी निघून गेल्याचा फोन आला. पूर्वी एवढ्यावर आठवडा निघाला असता. आत्या म्हणाली, "बरं."

हाड जुळलं. दवाखान्याच्या वर्धापनदिनी तिला मंचावर बोलावलं. पाहुणे म्हणून आलेल्या पुढाऱ्यांनी तुटलेल्या हाडांवरून तुटलेल्या समाजावर उडी घेतली आणि तिथून थेट निवडणुकीवर. आत्या काठीशिवाय मंचावर चालून दाखवत असताना टाळ्या पडल्या. शाल अंगावर टाकून निवेदकानं माईक पुढे केला. "आजी, आज काय वाटतंय?"

"काय न्हाई वाटत."

लोक हसले. हीच खरी वेदनामुक्ती, असं पुढारी म्हणाले.

ती स्वतःच्या पायानं कासुर्डीला गेली. ओट्यावर बायका पुन्हा जमल्या. पण चार जणींची तोंडं भरलेली आणि हिचं रिकामं. त्यांच्या हुंकारांना ही स्वच्छ शब्दांत उत्तरं देई, आणि गप्पांचा पोलिसातला जबाब होऊन जाई. हळूहळू बायका पलीकडच्या ओट्यावर बसू लागल्या. सखूबाई एकदा म्हणाली, "घे की गं चिमूटभर. आता हाड जुळलंय नव्हं?"

"मन न्हाई व्हत," आत्या म्हणाली.

गेल्या वर्षी ती झोपेतच गेली, स्वतःच्या घरात. कारेगावला जावं लागलं नाही. शेवटपर्यंत आपल्या पायानं चालली, असं दहाव्याला प्रत्येक जण म्हणाला. मीही म्हणालो. ते खरंच होतं.

ती जाण्याच्या महिनाभर आधी मी तिला भेटायला गेलो होतो. परतताना ती मला सोडायला फाट्यापर्यंत आली. माझ्यापेक्षा ताठ चालत होती. मी विचारलं, "पाय कसाय आत्या?"

"पाय बरा हाय."

"आणि तू?"

तिनं रस्त्याकडे पाहिलं.

"येष्टी आली बघ तुजी," ती म्हणाली.

एसटी कुठंच दिसत नव्हती.