आतली बॅटरी

"झालं म्हनू नका, आक्का. उघडून बगा."

आमची मशीनं दुरुस्त करणाऱ्या भाईंच्या तोंडी हे दिवसातून दहादा यायचं. साधा पंखा दुरुस्त केला तरी बटण तीनदा दाबून बघायचे, मगच पेचकस खिशात जायचा. असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आधी आपण त्याच्यावर वैतागतो, मग त्याच्यावाचून आपलं पान हलत नाही.

अंबडला हाडांच्या दवाखान्यात मी एक्स-रे सांभाळते. शिक्षण दहावी, कॉम्प्युटर बघून बघून शिकले. आमच्याकडे वाकड्या पायांची लेकरं येतात. नवा फोटो जुन्याशेजारी लावून डॉक्टर सांगतात, पाय किती सरळ झाला. सगळे फोटो एका सर्व्हरमध्ये. त्यात चार डिस्क, आणि त्यांच्यावर मुकादमासारखं एक कार्ड.

एकदा तो सर्व्हर असा मंदावला की एक फोटो साठेपर्यंत माझा चहा पिऊन व्हायचा. सर्व्हर विकणारा डॉक्टरांना म्हणाला, "शुक्रवारी येतो, सगळं पुसून नव्यानं टाकतो." पुसून! जुन्या फोटोंची दुसरी प्रत नव्हती, आणि या चालीनं ती शुक्रवारपर्यंत निघणारही नव्हती.

मी शहागडला भाईंना फोन लावला.

"बॅटरी बराबर हाय का?"

"कालच पाणी टाकलंय," मी ठसक्यात म्हणाले.

"मंग बॅटरी न्हाई."

एसटीनं आले आणि दोन दिवस बाकी सगळं चाळत बसले. मशीनचा मेंदू रिकामा, नुसता डिस्कची वाट बघतोय, हे मला पडद्यावर दाखवलं. सर्व्हर चालवणाऱ्या लिनक्स प्रणालीला विचारलं तर ती म्हणे, डिस्क एकच आहे आणि ठणठणीत आहे. "त्याला मुकादम दिसतो, आक्का. मागचे चार मजूर दिसत न्हाईत."

गुरुवारी त्यांनी मुकादमालाच विचारलं, त्या कार्डाचा वेगळा प्रोग्राम चालवून. चारही डिस्क चांगल्या. खाली एक ओळ होती: बॅटरी निकामी.

भाईंनी चष्मा कपाळावर ढकलला. "आक्का, तुमी पानी कुठं टाकलं?"

"इन्व्हर्टरात."

"आन् मी कार्डाच्या बॅटरीचं विचारून राह्यलो!"

डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मला मात्र जमीन दुभंगावी असं झालं. आमच्याकडे वीज जाते हो, बॅटरी म्हटलं की इन्व्हर्टरच. कार्डाच्या पोटातही एक चिमुकली बॅटरी असते, हे मला कोण सांगणार?

मग त्यांनी समजावलं. कार्ड आलेलं काम आपल्या आठवणीत ठेवून "झालं" म्हणतं आणि सवडीनं डिस्कवर उतरवतं. बॅटरी मेली, की वीज जाताच आठवणही जाईल अशी त्याला धास्ती. म्हणून डिस्कवर उतरल्याशिवाय ते "झालं" म्हणतच नाही. मी भाईंकडे बघत राहिले. अगदी यांच्यासारखंच की!

विकणारा फोनवर म्हणाला, "बॅटरीवाचूनच कार्डाला जबरदस्तीनं लगेच 'झालं' म्हणायला लावा, इन्व्हर्टर आहे ना."

"बिलकुल न्हाई," भाई म्हणाले. "इन्व्हर्टरची वायर उंदरानं तोडली तर? लेकराचा पाय अर्धाच लिहिला जाईल."

शुक्रवारी पहाटेच्या गाडीनं ते बॅटरी आणायला संभाजीनगरला निघाले. जाताना मला एवढंच म्हणाले, "मी येईस्तोवर कुनाला हात लावू देऊ नका."

मी स्टूल ओढून सर्व्हरच्या दारातच बसले. विकणारा आला. "मावशी, सरका जरा."

"भाई येऊ द्या."

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"मग डॉक्टरांना बोलवा. मी त्यांच्यापुढंही बसते."

डॉक्टर आले, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "दुपारपर्यंत थांबू."

दुपारी भाई आले, बॅटरी रुमालात गुंडाळलेली. ती बसवली, चार्ज होईपर्यंत शेजारी बसून राहिले. मग एक फोटो टाकला. डोळ्याचं पातं लवेपर्यंत साठला.

"झालं!" मी ओरडले.

"उघडून बगा."

उघडला. इवलीशी पाचही बोटं दिसत होती. तेव्हा कुठे भाईंनी पेचकस खिशात टाकला. मग चिकटपट्टीवर काहीतरी लिहून ती सर्व्हरला लावली आणि गालात हसत गाडी गाठली.

भाई वारले, त्याला आता दोन वर्षं होतील. परवा त्या बॅटरीची मुदत भरली. नवी बसवायला आलेल्या इंजिनिअर मुलीनं पट्टीला नख लावलं.

"राहू दे गं," मी म्हणाले.

तिनं वाकून वाचलं: "आक्का, हिच्यात पाणी टाकू नये."