बिबट्याआडून केलेली चौकशी

चहा आधी घेऊन टाकतो, कारण हे ऐकल्यावर तुम्ही मला पुन्हा चहा विचारणार नाही. गाढवपणा सगळेच करतात हो, पण तो सरकारी रजिस्टरमध्ये सहीनिशी नोंदवून घेणारा मी एकटाच.

माझी ताई डोंबिवलीला असते. तिचा ओंकार तेहतिशीला आलेला. सात ठिकाणी बघून झालेलं आणि सातही ठिकाणांहून 'कळवतो'. आठवं स्थळ आलं आंबिवलीचं. मुलगी प्राची, वनखात्यात वनरक्षक. पैठणी-नथीतला तिचा फोटो ओंकारला इतका आवडला की पठ्ठ्या कुणी न सांगता केस कापून आला. दोनचार वेळा फोनवर बोलणंही झालेलं. यावेळी काही बिनसलं असतं तर पोरगं पार खचलं असतं.

अशात ताईचा मला फोन. "सुधीर, पोरगी पर्मनंट आहे का, पगार काय, पेन्शन आहे का, जरा काढ ना. पण गुपचूप हं. रविवारी आपण जायच्या आत."

"तूच विचार की."

"आणि पगार विचारणारी सासू म्हणून आत्तापासून नाव करून घेऊ?"

म्हणजे नाव माझं गेलं तरी चालणार होतं. गेलो मी वनखात्याच्या ऑफिसात. टेबलामागच्या साहेबांनी मान वर न करता विचारलं, "काय काम?"

आता तुम्हीच सांगा, 'तुमच्याकडच्या एका पोरीचा पगार सांगा' असं तोंड वर करून विचारता येतं का? तोंडातून निघालं, "बिबट्या."

साहेब उभेच राहिले. "कुठे?"

"बाळकुमला. आमच्या सोसायटीत."

"बाळकुमला? डोंगर सोडून, हायवे ओलांडून आला?"

"सिग्नल पडल्यावर आला असेल," मी म्हटलं.

गप्प बसायला काय जात होतं माझं? साहेबांनी नाव, पत्ता, फोन सगळं उतरवून घेतलं आणि मी घरी पोचेपर्यंत तिघांची टीम गेटवर हजर. पुढच्या दहा मिनिटांत सोसायटीत हाहाकार. सेक्रेटरी माईकवरून सगळ्यांना दारं लावायला सांगतायत, शाळेची बस गेटबाहेर अडवलेली, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी खिडकीतून जाहीर केलं की डरकाळी त्यांनी कालच ऐकलेली. तेव्हा क्षणभर मलाही वाटलं, असेल बुवा.

टीममधले दोघे मागच्या भिंतीकडे गेले आणि एक मुलगी माझ्याबरोबर पार्किंगमध्ये आली. खाकी कपडे, टोपी, चिखलाने भरलेले बूट. छातीवर नावाची पट्टी होती, पण मी चष्मा घरी विसरलेलो. हातभरावरचं नाव मला वाचता येईना, आणि बिबट्या मात्र स्पष्ट दिसलेला.

गाडीखाली टॉर्च मारायला ती जमिनीवर पालथी झाली आणि माझी ट्यूब पेटली. अरे, ही पण वनरक्षकच की. आयती सापडली.

"मॅडम, ही नोकरी पर्मनंट असते?"

"हो काका. बिबट्या कुठून कुठे गेला?"

"असा इकडून तिकडे. पेन्शन असते?"

"असते, पण जुनी नाही, नवीन."

"आणि राहायला क्वार्टर?"

"असेल तिथे मिळतं, नाहीतर घरभाडे भत्ता. शेपटी केवढी होती?"

"बरीच. गणवेशाचे पैसे वेगळे देतात का?"

"देतात. बूट झिजायच्या आत संपतात."

"ओव्हरटाइम?"

ती बाहेर आली आणि केसातलं जळमट काढलं. "नाही काका. ड्युटी चोवीस तास. ओव्हरटाइम असता तर आज तुमच्यामुळे बराच झाला असता."

शहाणा माणूस इथे थांबला असता. मी विचारलं, "बाळंतपणाची रजा किती देतात हो?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं, प्रश्न आवडला. म्हणून आवाज खाली आणून पुढचा टाकला. "तुमच्यात प्राची म्हणून एक आहे ना, आंबिवलीची? स्वभावाला कशी आहे?"

"कडक आहे," ती म्हणाली. "खोटं बोललेलं अजिबात चालत नाही तिला."

"वा, छान," मी म्हणालो, आणि कुंडीशेजारच्या चिखलातला एक ठसा तिला दाखवला.

तिने तो वाकून बघितला, वहीत काहीतरी लिहिलं, माझी सही घेतली आणि टीम गेली. मी लगेच ताईला फोन लावला. "सगळं काढलंय. नोकरी पक्की, पेन्शन आहे, पोरगी कडक आहे. आणि कुणाला पत्ता पण नाही लागला."

रविवारी आम्ही आंबिवलीला. यावेळी मी चष्मा लावून गेलेलो. आतून मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन आली, पहिली बशी माझ्या हातात दिली आणि विचारलं, "काका, परत दिसला का?"

मी वर बघितलं. साडी होती, गजरा होता, पण नजर तीच, गाडीखाली शोधणारी.

"मामा, तू ओळखतोस यांना?" ओंकारने विचारलं.

नाही म्हणावं तर माझी सही तिच्या वहीत. हो म्हणावं तर आठवं स्थळ माझ्यामुळे मोडणार. ओंकार कडक इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या तोंडाकडे बघत बसलेला. फार वाईट वाटलं मला त्याचं. शेवटी बशी खाली ठेवली आणि सांगून टाकलं की बिबट्या नव्हताच, मी तिचा पगार विचारायला गेलेलो.

"माहितीये," ती म्हणाली. "ठशात नखं उमटलेली, म्हणजे कुत्रा. आणि बिबट्या बघितलेला माणूस बाळंतपणाची रजा विचारत नाही."

आधी तिचे वडील हसले, मग ओंकार. मला वाटलं, सुटलो.

"माझी काही हरकत नाही," ती ताईकडे वळून म्हणाली. "पण आमच्याकडूनही एक चौकशी राहिलीय. मुलगा मामावर गेलाय का?"

ताईने श्वासही घेतला नाही. "छे गं, तो अगदी त्याच्या बाबांवर गेलाय. शांत, समजूतदार, हुशार."

भावोजींना पाणी पिता पिता ठसका लागला. चौतीस वर्षांच्या संसारात ताईने त्यांचं केलेलं हे पहिलंच कौतुक, आणि त्यासाठी मला शेजारी बसावं लागलं.