आक्कांच्या गिरणीतली माझी वर्षं

गुपित ठेवायला जगात सगळ्यांत नालायक माणूस कोण, असं कुणी विचारलं, तर मी बेधडक आमच्या गल्लीतल्या गिरणीवाल्या आक्कांकडे बोट दाखवीन. आणि तुझा जीव कुणामुळे वाचला, असं विचारलं तरी बोट तिकडेच जाईल. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे कळायला मला वेळ लागला, आणि माझ्या आईला त्याहून जास्त.

इस्लामपुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशीच आक्कांची पिठाची गिरणी. नवरा गेल्यापासून ती त्याच चालवत. इतकी वर्षं त्या घरघराटात उभं राहून त्यांचे कान निम्मे गेले होते आणि आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे समोरच्यालाही येत नसणार, अशी त्यांची पक्की समजूत झाली होती. गिरणी बंद असली तरी त्या ती चालू असल्यासारख्याच बोलत. कानगोष्ट सांगताना तोंडाशी हात धरत, पण त्या हाताचा उपयोग आवाज नेमक्या दिशेला लांबवर पोचवण्यापुरताच होई. पुण्याच्या मुलाशी फोनवर बोलायला लागल्या की समोरचे शिंपी चाचा पायाखालचं मशीन थांबवून म्हणत, "फोन कशाला लावला आक्का? नुसती खिडकी उघडा की, ऐकू जाईल पुण्याला." अंगावर कायम पीठ. केसांत, पापण्यांवर, भुवयांवरही पीठ. गल्लीत नव्याने आलेल्या एका सुनेने त्यांना ऐंशीच्या समजून रस्त्यातच वाकून नमस्कार केला, तेव्हा आक्कांनी पदराने एक भुवई पुसून तिला दाखवली. "पीठ हाय गं ते! पंचावन्नची हाय मी!"

घराघरातल्या बातम्या त्यांना डब्यांवरून कळत. शाळू निवडून-पाखडून आला की, "सासू अजून गावाला गेली न्हाई वाटतं." एकाच घरातून आठवड्यात दोनदा हरभऱ्याची डाळ आली की, "पोरगीला बघाय येणार हाईत." हे निष्कर्ष त्या डब्याच्या मालकिणीच्या देखत, गिरणीतल्या सगळ्यांना ऐकू जातील असे जाहीर करत. आणि वाईट म्हणजे ते कधी चुकत नसत.

मी तेव्हा सांगलीला शिकत होते. वसतिगृहात राहून दुसऱ्या वर्षाला. हळूहळू माझी झोप उडाली. मग दोन पुरुषांचे आवाज यायला लागले. मी काय करते, कशी चालते, यावर ते दोघे आपसांत बोलत. खोलीत कुणी नसे. शेजारच्या मुली माझ्या जेवणात काहीतरी घालतात, अशी माझी खात्री झाली आणि मी जेवण सोडलं. शेवटी वडील येऊन मला घरी घेऊन गेले. वडील साखर कारखान्यात पाळीवर असत, तेव्हा घरात मी आणि आई. आईने पहिल्यांदा खिडक्यांना पडदे लावले आणि मग गल्लीला सांगितलं, की सुप्रियाला कावीळ झालीय.

गल्लीने कावीळ फार मनावर घेतली. सकाळ-संध्याकाळ उसाचा रस यायला लागला. कुणी मुळ्याचा पाला आणला, कुणी काविळीची माळ आणून माझ्या गळ्यात घातली. पलीकडच्या आजींनी माझ्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि म्हणाल्या, "पिवळे न्हाईत गं डोळे." आई म्हणाली, "आता उतरत आलीय." उतरत काहीच नव्हतं. आवाज आता माझ्याशीच बोलायला लागले होते, आणि मी जगून काही उपयोग नाही, असं रोज सांगत होते.

आक्कांना शंका आली ती डब्यावरून. पोरगी शिकायला बाहेर होती तेव्हा येणारा गव्हाचा डबा पोरगी घरी आल्यावर वाढायला हवा, तो होता तेवढाच राहिला होता. एका दुपारी त्या गिरणी बंद करून थेट आमच्या घरात आल्या, आणि पिठासकट माझ्या अंथरुणावर बसल्या. आई चहा टाकायला आत गेली तशी त्यांनी मला विचारलं, "खरं सांग. काय हुतंय तुला?"

तोवर हे मला कुणीच विचारलं नव्हतं. सगळे 'असं का करतेस' एवढंच विचारत. मी म्हणाले, "आवाज येतात. दोन माणसं बोलतात."

"वळखीची हाईत का?"

"नाही."

"काय म्हंत्यात?"

मी सांगितलं. नदीला चल म्हणतात, तेही सांगितलं. आक्कांनी पदराने आपल्या कानातलं पीठ पुसलं. मग म्हणाल्या, "मला पायजे त्यापेक्षा कमी ऐकू येतंय, तुला पायजे त्यापेक्षा जादा. कानांचंच नशीब वाकडं हाय आपल्या." मला कित्येक आठवड्यांनी हसू आलं. आणि त्यांनी लगेच तिथूनच, स्वयंपाकघरातल्या आईला हाक घातली, "शोभे! कावीळ न्हाई हिला! डोक्याचा आजार हाय! मंगळवारी सांगलीचे डाक्टर येत्यात सरकारी दवाखान्यात, तितं न्यायची!"

स्वयंपाकघर दहा पावलांवर होतं. ऐकलं मात्र सगळ्या गल्लीने. उसाचा रस त्या संध्याकाळपासून बंद झाला.

आई इतकी चिडली की चहा तसाच टाकून बाहेर आली. "आता हिचं लग्न कसं व्हायचं?" एवढंच ती म्हणाली. आक्का म्हणाल्या, "लग्नाचं मागनं बघू. आदी झोपू तरी दे तिला." त्या दिवसापासून आईने आक्कांशी बोलणं टाकलं आणि दळण लांबच्या गिरणीत न्यायला लागली. पण मंगळवारी वडिलांनी मला दवाखान्यात नेलं, आणि न बोलावता आक्काही रिक्षात येऊन बसल्या.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी मला सगळं विचारून घेतलं आणि वडिलांना आजाराचं इंग्रजी नाव सांगितलं. वडिलांनी मान हलवली. आक्का म्हणाल्या, "मला समजलं न्हाई. परत सांगा." त्यांनी परत सांगितलं. "न्हाई समजलं." बाहेर रांग वाढत होती. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि साध्या मराठीत सांगितलं, की हा मेंदूचा आजार आहे, हिचा दोष नाही, आईवडिलांचाही नाही. गोळ्यांनी आवाज कमी होतील, पण रोज घ्याव्या लागतील. आणि गोळ्यांनी निम्मंच काम होतं. वेळेवर झोप, हाताला काम आणि आजूबाजूला माणसं, हे उरलेलं निम्मं.

"कुटली माणसं?" आक्कांनी विचारलं.

"घरची. शेजारची."

"शेजार लय हाय आमच्याकडं," आक्का म्हणाल्या. दुकानात एखादी वस्तू शिल्लक आहे म्हणून सांगावं, तसा त्यांचा सूर होता.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझी वाटणी करून टाकली. सकाळी चाचांच्या दुकानात ब्लाऊजना हूक लावायचे, दुपारी गिरणीत बसायचं. मला विचारलं नाही, चाचांनाही विचारलं नसावं. गिरणीतली एक गोष्ट मात्र कुणालाच ठाऊक नव्हती. पट्टा सुरू झाला की त्या घरघराटात माझे ते दोघे मला नीट ऐकू येत नसत. त्यांचं बोलणं तुटक व्हायचं आणि मग विरून जायचं. मी जात्याच्या तोंडाला बांधलेली कापडी पिशवी धरून उभी राहत असे, गरम पीठ हातावर पडे, आणि तेवढा वेळ डोक्यात शांतता असे. संध्याकाळी आठला आक्का दारात येऊन ओरडत, "सुप्रे, गोळी!" महिन्याभरात गल्लीतल्या बीपीच्या आणि शुगरच्या सगळ्या गोळ्या त्याच हाकेवर जायला लागल्या. एकदा आक्का लग्नाला मेढ्याला गेल्या, तर चौघांच्या गोळ्या चुकल्या.

पहिल्या महिन्यात गोळ्यांनी लगेच सगळं थांबलं असं नाही. एके सकाळी मला वाटलं, चाचांच्या मशीनमध्ये काहीतरी बसवलंय आणि त्यातून माझं बोलणं बाहेर जातंय. मी हातातला ब्लाऊज टाकला आणि तसं सांगितलं. चाचा रागावले नाहीत, हसलेही नाहीत. त्यांनी पेचकस काढला आणि मशीन खोलायला घेतलं. "हे बघ बेटा, ही बॉबीन. ही शटल. हात लावून बघ." एकेक भाग फडक्यावर मांडत गेले, मी तो उलटापालटा करून बघत गेले. दुपार उलटून गेली. मग त्यांनी सगळ्याला तेल घालून मशीन परत जोडलं आणि विचारलं, "बरं वाटलं?" मी हो म्हणाले. त्या दिवशी द्यायचा नवरीचा ब्लाऊज राहिला. नवरीची मावशी भांडायला आली, तेव्हा समोरून आक्कांनी तिला जे ऐकवलं, त्याने ती ब्लाऊज दुसऱ्या दिवशी मुकाट घेऊन गेली.

असे काही महिने गेले. मी आक्कांच्या गिरणीत आणि आमचं दळण लांबच्या गिरणीत. मला छान झोप लागत होती, आणि छान वाटतंय म्हणून मी गोळ्या घेणं बंद केलं. आठची हाक आली की 'घेतली' म्हणून ओरडायचे आणि गोळी उशीखाली ठेवायचे. दिवाळीच्या तोंडावर, गिरणीत भाजणीच्या डब्यांची रांग लागलेली असताना, एका दुपारी ते दोघे परत आले. नदीला चल, म्हणाले. मी पिशवी सोडली आणि चालायला लागले. पाय माझे नव्हतेच जणू.

बाजाराच्या कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या एका बाईने मला पाहिलं. मी तिला ओळखत नव्हते. ती हातातला तराजू टाकून उठली. "गिरणीतली सुप्रिया न्हवं तू? अनवाणी कुटं चाललीस बाय?" तिने माझा हात धरला, मला पोत्यावर बसवलं, पाणी दिलं आणि शेजारच्या दुकानदाराला फोन करायला सांगितलं. आई धावत आली, पाठोपाठ आक्का आणि चाचा. आई मला घट्ट धरून त्या बाईला पुन्हा पुन्हा विचारत होती, "तुमाला कसं कळलं? तुमाला कसं वो कळलं?" बाई म्हणाली, "आवं, आक्कांनी सांगितलंय की समद्या बाजाराला. एकटी दिसली तर थांबवा म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई गव्हाचा डबा डोक्यावर घेऊन आक्कांच्या गिरणीत गेली. मी शेजारी होते. रांगेत सात-आठ बायका. आईने डबा खाली ठेवला आणि ती एवढ्या मोठ्याने बोलली, की मी तिचा तो आवाज आधी कधी ऐकला नव्हता. "बारीक दळा आक्का. माझ्या पोरीला मानसिक आजार आहे, औषध चालू आहे. भूक लागती तिला आता." आक्कांनी तिच्याकडे पाहिलं, रांगेतले सगळे डबे मागे सारले आणि आमचा पुढे घेतला.  रांगेतल्या एका बाईने आमचा डबा ओतायला हात लावला.

पुढे मी बाहेरून परीक्षा देऊन पदवी पूर्ण केली. आता साताऱ्यात एका शाळेच्या ग्रंथालयात काम करते. आजार गेलेला नाही. ते दोघे अधूनमधून लांबून कुजबुजतात, मी गोळी घेते आणि कामाला लागते. इथे खोली घेतली त्याच दिवशी शेजारच्या बाईंना मीच सांगितलं, की मला असा असा आजार आहे, चार दिवस दार उघडलं नाही तर ठोका. त्या जरा गडबडल्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच दार वाजलं. हातात उपीट. "म्हटलं, चार दिवस कशाला थांबायचं?"

इस्लामपूरला महिन्यातून एकदा जाते. घरोघरी छोट्या घरघंट्या आल्या, आक्कांची गिरणी आता फक्त सकाळची चालते, तीही भाचा चालवतो. आक्कांचे गुडघे गेले आणि कानही पूर्ण गेले. मागच्या खेपेला त्या बाहेर उन्हात खुर्चीवर बसल्या होत्या, स्वच्छ धुतलेल्या लुगड्यात. भुवया आता खरोखरच पांढऱ्या झाल्यात. मी जवळ स्टूल घेऊन बसले. बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून मी बोलले नाही. त्यांनी माझं मनगट हातात घेतलं, भाजी निवडताना बघतात तसं उलटं-सुलटं करून पाहिलं, समाधानाने मान हलवली, आणि तसंच धरून त्यांना डुलकी लागली. साताऱ्याची गाडी पाचला होती. चाचांनी समोरून घड्याळ दाखवलं. मी मान हलवून नाही म्हटलं. पाचची गाडी गेली. सहाची होतीच.