बेटावरची गरम भाकर

अंदमानच्या एका लहानशा बेटावर आम्ही आठवडाभर राहिलो. मी, आमचे हे आणि माझी आई. आई हसनाबाद या आमच्या खेड्यातली, उभा जन्म शेतात राबलेली. तिला समुद्र दाखवायचा होताच, पण माझा खरा हट्ट निराळा होता. सगळ्यांचं झाल्यावर गार झालेलं खाण्यात तिची हयात गेली. एकदा तरी तिनं आयतं, गरम गरम, आमच्या बरोबरीनं जेवावं.

दिवस मोठे सुखाचे गेले. सकाळी बघावं तर आई खोलीपुढची वाळू झाडतेय.

"अगं, वाळूवरची वाळू कुठवर झाडशील?"

"पाला पडून राह्यला न्हाई का," म्हणायची.

मग चहा, घोट्याएवढ्या पाण्यात फेरी, एकेक शहाळं आणि दुपारी ताणून झोप. आमचे हे तर असे घोरायचे की समुद्र ऐकू येऊ नये.

संध्याकाळी खानावळीत गेलो की मात्र माझं डोकं फिरायचं. एक बंगाली बाई एकटी रांधायची, नवरा वाढायचा. वाफाळती ताटं यायची, आम्ही तुटून पडायचो आणि आई हात मांडीवर ठेवून बसायची.

"जेव की गं!"

"तुमचं होऊ द्या. मंग जेवते."

कधी माझ्या वाटीत वरण ओत, कधी जावयाला भात घाल. तिच्या तोंडात घास जाईपर्यंत सगळं गारढोण. एवढं विमानानं आणलं, तरी बाई आपली हसनाबादेतच!

एका संध्याकाळी मी भडकलेच. "इथं काय तू स्वयंपाक केलास?"

"मी न्हाई. पण जिनं केला ती कुठं जेवली?" असं म्हणून आई उठली आणि थेट आत गेली. घरून आणलेलं ज्वारीचं पीठ तिच्या पिशवीत होतंच. "तुम बैठो. आज मैं खिलाती," तिनं त्या बाईला सांगितलं. मी मागोमाग गेले. आता हिला कोण आवरणार?

पहिली भाकर टम्म फुगली. बाईनं ती उचलली, मोडली आणि अर्धी आईच्याच हातात कोंबली.

"पहले तुम खाव," आई म्हणाली.

"आप नहीं, तो मैं भी नहीं." बाईही तिच्यासारखीच निघाली. आई पुरती अडकली. शेवटी फुंकर मारून तिनं घास घेतला आणि चावता चावता थांबली.

"आता गं माय! गरम भाकर एवढी गोड लागती व्हय?" ती माझ्याकडं बघत म्हणाली. "तुम्ही सगळे म्हणायचे, भाकर लई छान झाली. मला वाटायचं, माझं मन राखून राह्यले."

तव्यावरची दुसरी भाकर मीच उलटली. "गरम आहे तोवर खाऊन घे," एवढंच म्हणाले.